काळा पडदा

श्रोतेहो, माझ्या एका स्नेह्यांचा लॅपटॉप परवां एकाएकीं आंधळा झाला. हे गृहस्थ व्यवसायानें भाषांतरकार. लॅपटॉपवर लिनक्स प्रणाली, आणि टेबलावर त्याला जोडलेला दुसरा मोठा मॉनिटर. त्या मॉनिटरवर सर्व कांहीं नीट दिसे. लॅपटॉपचा स्वतःचा पडदा मात्र अवसेच्या रात्रीसारखा काळा. दुकानांत नेला तों पडदा लख्ख उजळला! घरीं आणला कीं पुन्हां अंधार. 'आंतली तार सैल असेल, पडदाच बदलून टाका,' असा दुकानदाराचा सल्ला पडला. खर्चाचा आंकडा ऐकून स्नेही माझ्याकडे आले. चार दिवसांनीं त्यांना कामासाठीं परगांवीं जावयाचें होतें, आणि तेथें बाहेरचा मॉनिटर कोठून मिळणार?

अशा वेळीं मनुष्य दोहोंपैकीं एक चूक करतो. पडदा गेला असें समजून तो पैसे मोजतो, नाहीं तर दोष लिनक्सचाच असें मानून सारी प्रणाली पुसून नव्यानें बसवितो. हे दोन्ही उपाय निदानापूर्वींचे होत. पडदा काळा होणें हा रोग नव्हे, लक्षण आहे.

म्हणून प्रथम असें विचारावें: चित्र तयारच होत नाहीं, कीं तें पडद्यापर्यंत पोंचत नाहीं, कीं पोंचूनही उजेडाअभावीं दिसत नाहीं? येथें बाहेरचा मॉनिटर साक्षीदाराचें काम करतो. त्याच्यावर चित्र उमटलें म्हणजे यंत्राचें काम चालू आहे, हें सिद्ध झालें. मग संशय उरतो तो आंतला पडदा, त्याची तार, त्याचा दिवा आणि लिनक्समधील मांडणी यांचा.

दिव्याची परीक्षा सोपी आहे. एलसीडी पडदा स्वयंप्रकाशी नसतो. त्याच्या मागें दिवा असतो. आधीं उजेड वाढविण्याची कळ दाबून पाहावी. तेवढ्यानें भागलें नाहीं तर खोलींत अंधार करून विजेरी पडद्याशीं तिरपी धरावी. अंधुक अक्षरें दिसलीं, तर चित्र आलें आहे, दिवा तेवढा विझला आहे.

दुसरी परीक्षा यंत्र सुरू करतांनाची. बाहेरच्या मॉनिटरची तार काढून ठेवावी व यंत्र चालू करावें. लिनक्स जागें होण्यापूर्वीं बहुतेक यंत्रांवर कंपनीचें चिन्ह क्षणभर झळकतें. तें आंतल्या पडद्यावर दिसलें, तर पडदा, तार व दिवा हीं तिन्ही बहुधा शाबूत आहेत. दिसलेंच नाहीं, तर मात्र कारागीर गांठावा.

चिन्ह दिसून पुढें अंधार झाला, तर लिनक्सकडे वळावें. पडद्याची मांडणी करण्याचें काम २००९ सालापासून लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, स्वतःकडे घेऊं लागला. तेथें चित्रपट्टिकेचा ड्रायव्हर चुकला तर पडदा काळवंडतो. आरंभीच्या ग्रब यादींत 'ई' ही कळ दाबून, 'लिनक्स' शब्दानें सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटीं 'नोमोडसेट' हा शब्द जोडावा व कंट्रोल आणि एक्स या कळा एकत्र दाबाव्या. हा बदल त्या एका वेळेपुरताच टिकतो. चित्र दिसलें तर ड्रायव्हरवर संशय धरावा आणि त्याच यादींतला जुना कर्नल चालवून पाहावा. 'नोमोडसेट' ही परीक्षा आहे, कायमचा उपाय नव्हे. त्यानें बाहेरचा मॉनिटर बंदही पडूं शकतो.

कधीं कधीं पडदा केवळ मांडणींत बंद केलेला असतो. सेटिंगांतील पडद्यांचें पान उघडून तो चालू करावा. जुन्या एक्स पद्धतींत 'एक्सरँडर' या आज्ञेनें जोडलेल्या पडद्यांची यादी मिळते. आंतल्या पडद्याचें नांव आजच्या यंत्रांत बहुधा 'ईडीपी' या अक्षरांनीं सुरू होतें.

आतां आमच्या स्नेह्यांची हकीकत पुरी करतों. मीं त्यांच्या घरीं जाऊन बाहेरची तार काढली व यंत्र सुरू केलें. चिन्ह झळकलें, आणि थोड्याच वेळांत यंत्र निजून गेलें. हें कशाचें लक्षण? झांकण मिटल्याचें! तार पुन्हां जोडून यंत्र जागें केलें आणि 'प्रॉक'मधील 'एसीपीआय', त्यांतील 'बटन', त्यांतील 'लिड' अशा वाटेनें जाऊन 'स्टेट' नांवाची फाईल वाचली. उत्तर आलें 'क्लोज्ड', म्हणजे मिटलेलें. आणि झांकण तर आमच्या डोळ्यांदेखत उघडें होतें. लॅपटॉप मिटला कीं उघडा हें झांकणांतील लोहचुंबकावरून ओळखलें जातें. मीं खालीं पाहिलें. कचेरींतून मिळालेला दुसरा लॅपटॉप मिटून ठेवलेला, आणि हा त्याच्या डोक्यावर! खालच्याच्या चुंबकानें वरच्याला फसविलें होतें. झांकण मिटलें आहे आणि मॉनिटर जोडलेला आहे, असें समजून लिनक्सनें आंतला पडदा इमानानें बंद ठेवला होता. खालचा लॅपटॉप बाजूला सारतांच पडदा उजळला. दुकानांत तो कां उजळत असे, हेंही मग कळलें.

खर्च एका पैशाचा झाला नाहीं. श्रोतेहो, एवढेंच ध्यानांत असूं द्या: एका वेळीं एकच बदल करा, काय घडलें तें लिहून ठेवा, आणि यंत्र उघडण्यापूर्वीं तें कशावर ठेवलें आहे, तें एकदां पाहा.