नांगरणी बंद केली, पण बैलांचं काय?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं, की "सोमवार ते शुक्रवार कोड लिहिता आणि शनिवारी शेती करता, मग गोठा कोण बघतं?" प्रश्न बरोबर जागी लागलाय. त्यावरच आज बोलतो.

आमचं गाव कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे. भाताची जमीन दोन एकर, सगळी खाचरं. लहानपणापासून पद्धत एकच बघितली. उन्हाळ्यात ऐनाच्या फांद्या तोडायच्या, पालापाचोळा, शेण, गवत पसरून राब भाजायचा. पाऊस पडला की रोपं, मग नांगरणी, चिखलणी, लावणी. चिखलणीला बैल पोटरीपर्यंत चिखलात, वरून जुलैचा पाऊस. जू घासून खांदा सुजायचा, त्यावर हळद-तेल लावून दुसऱ्या दिवशी परत जुंपायचं. यात कुणी दुष्ट नव्हतं. पाऊस थांबत नाही म्हणून कामही थांबत नव्हतं, एवढंच.

आपल्याच तालुक्यात नेरळला सगुणा बाग आहे. तिथे चंद्रशेखर भडसावळे यांनी एसआरटी, म्हणजे सगुणा राईस टेक्निक उभं केलं. गादीवाफे एकदाच करायचे आणि मग मोडायचे नाहीत. नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणी नाही, राबही नाही. लोखंडी साच्याने 25 सेंटीमीटरवर भोकं पाडायची आणि बी टोकायचं. कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू द्यायची. आम्ही आधी अर्ध्या एकरावर केलं, पुढच्या वर्षी सगळ्यावर. तिसऱ्या पावसाळ्यात वाफा उकरला तर गांडुळं दिसली. बाबांनी ढेकूळ हातात फोडून बघितलं आणि काही बोलले नाहीत. आमच्याकडे ही पसंतीची खूण.

एक बोचणारी गोष्ट सांगून टाकतो. या पद्धतीत तण मारायला तणनाशक येतं. "शाश्वत शेती" म्हणून फोटो टाकताना ते कुणी दाखवत नाही. आम्हीही वापरतो, कमी करत आणलंय. बांधावर मात्र अजिबात फवारत नाही, कारण तिथलं गवत जनावरांच्या तोंडात जातं. बांध आई विळ्याने कापते.

तर जमीन सुधारली, राबाची झाडतोड थांबली. आणि गोठ्यात दोन बैल बिनकामाचे झाले. तांबड्या आणि चांद्या. माझ्या एक्सेल शीटमध्ये ही ओळच नव्हती! नांगरणीचा खर्च शून्य, असं हौसेने लिहिलं होतं मी.

तांबड्याला अजून शेणखताची, गवताची गाडी ओढता येते. चांद्या म्हातारा. खांदा जुना दुखावलेला, दातही झिजलेत. एका गुरुवारी आईचा फोन आला, दारात व्यापारी आलाय. मी ऐरोलीत मीटिंगमध्ये. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीलाही बंदी आहे, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला उघड गिऱ्हाईक नसतं. हा माणूस म्हणत होता, कागदबिगद काही नको, रात्री टेम्पो आणतो. बैल कुठे जाणार ते आम्हा तिघांनाही कळत होतं. मी म्हटलं, नाही द्यायचा.

बाबांनी फोन घेतला. "तू नाही म्हणतोस. त्याला पाणी कोण दाखवणार? तू? शनिवारी?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. प्राण्यांवरची माझी दया आईच्या पाठीवर चालली होती. रोज शेण काढणं, पेंढा टाकणं, मार्चनंतर विहिरीचं पाणी ओढणं, सगळं तिचं. व्यापारी गेला, पण त्या रात्री कर्जत लोकलमध्ये मी पहिल्यांदा नीट हिशोब मांडला.

जनावरं तीन, घरची कोकण कपिला गाय धरून. मोठ्या जनावराला रोज वजनाच्या साधारण अडीच टक्के सुका चारा लागतो. 300 किलोचा बैल, साडेसात किलो. दोघांचे 15, गाईचे 6, मिळून 21. पावसाळ्यात आणि दिवाळीनंतर थोडे दिवस गवतावर भागतं. डिसेंबर ते मे, 180 दिवस पेंढा. म्हणजे जवळपास 3,800 किलो. आमच्या शेतातून निघतो 3,000. म्हणजे या जमिनीला अडीच जनावरं पेलतात आणि आमच्याकडे तीन आहेत.

मग ठरवलं ते असं. चांद्या गोठ्यातच संपेल. नवीन बैल आणायचा नाही. गाय सध्या भरवायची नाही, कारण गोऱ्हा झाला तर हाच प्रश्न दहा वर्षांनी पुन्हा दारात. म्हणजे ती आटली की घरचं दूध बंद. आजी अजून यावर माझ्याशी धड बोलत नाही. "गाय असून पिशवीचं दूध?" तिचं चूक नाहीये.

गोठ्यापर्यंत पाइप आणि छोटी मोटर बसवली. हे पाच वर्षांपूर्वी करता आलं असतं, सुचलं नाही कारण पाणी मी ओढत नव्हतो. मॅनेजरशी बोलून ऑफिसला दोनच दिवस जातो. घरी असतो तेव्हा सकाळचं शेण माझं, साडेनऊच्या स्टँडअपच्या आत. चांद्याचा खर्च पगारातून जातो. शेतीच्या वहीत तो बसत नाही आणि मी बसवायचा प्रयत्नही सोडलाय. थोडं शेणखत मिळतं, पण त्यासाठी बैल पाळा असं मी कुणाला सांगणार नाही. ज्याच्याकडे पगार नाही त्याने बैल विकला तर त्याला नावं ठेवायची माझी टाप नाही.

पेंढ्यावर युरियाची प्रक्रियाही करून बघितली. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि 21 दिवस हवाबंद झाकायचा. तांबड्याने खाल्ला. चांद्याने वास घेऊन तोंड फिरवलं. त्याला आता पेंढा बारीक करून, वर मूठभर कोंडा टाकून देतो.

तुटीचे 800 किलो यंदाही विकतच घ्यायचे आहेत. बाबांनी परवा खालच्या आळीत एकाला सांगून ठेवलं. मला न विचारता, माझ्याआधी.