गाल बधिर झाला तर थांबू नका

माजलगावच्या शिवारात कापसाला डोमकळी, म्हणजे अळी लागून मिटलेलं फूल, दिसली की तुम्ही ती उलगडून बघता. बोंड बाहेरून हिरवंगार असतं आणि आत अळी सरकी खात असते, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्युकरचंही, म्हणजे म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराचंही, तसंच. २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘काळी बुरशी’ म्हणून तो घराघरांत माहीत झाला, त्यावरच्या ॲम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक जिल्हे पालथे घालत होते. लाट ओसरली, म्युकर गेलेला नाही. रक्तातली साखर भडकलेली असली की तो करोनाशिवायही होतो.

त्याची डोमकळी कुठली, ते ऐका. एकाच बाजूचा गाल दुखतो, बधिर होतो. चांगले दात हलायला लागतात. पापणी जड होते, एकाचे दोन दिसतात. मधुमेह आहे आणि यातलं एक जरी लक्षण आहे, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. दात काढून घेऊन घरी बसू नका. टाळूवर काळा डाग दिसेपर्यंत तर मुळीच थांबू नका.

कारण ही बुरशी रक्तवाहिनीत शिरते. सायनसमधून डोळ्याच्या खोबणीत, तिथून मेंदूच्या तळाशी. तिथे मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी आहे. ती गुठळीनं बंद झाली की अर्धं अंग लुळं पडतं. घरचे म्हणतात, लकवा मारला. सुरुवात नाकात झाली होती, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

बोंडात शिरलेल्या अळीला फवारा लागत नाही ना? इथेही रक्त बंद झालेल्या मांसात औषध पोचत नाही. म्हणून सडलेला भाग कापून काढावा लागतो, नुसत्या सलाईनवर भागत नाही. ‘ऑपरेशन नको, औषधच द्या’ असा हट्ट कृपा करून धरू नका.

पुन्हा सांगतो: गाल बधिर, पापणी जड, साखर वाढलेली. रात्री लक्षात आलं तर सकाळच्या एसटीची वाट बघू नका. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, संभाजीनगरला घाटी रुग्णालय आहे. जाताना साखरेचे कागद आणि चालू गोळ्या सोबत घ्या, विशेषतः सांधेदुखीसाठी, दम्यासाठी कुणी दिलेल्या स्टेरॉइडच्या. त्या मनानं घेऊ नयेत आणि एकदम बंदही करू नयेत. डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.