दगड कुणाच्या दिशेनं?

(पुण्यात वस्तीतल्या मित्रांसमोर केलेलं भाषण)



सिनेमावर बोलायला तुम्ही मला उभं केलंय, तर आधीच सांगून टाकतो. मी समीक्षक नाही. कॅमेरा कुठं ठेवला, लायटिंग कसं केलं, यातलं मला ओ की ठो कळत नाही. मी तिकीट काढून बघणारा माणूस. कासेवाडीत वाढलो. बाप भवानी पेठेत पोती उचलायचा. हप्त्याचे पैसे हातात पडले की आम्हा भावंडांना पिटात नेऊन बसवायचा. पिट म्हंजे पार पडद्याच्या पायाशी. मान वर करून बघायचं. हिरोनं ठोसा हाणला की बाप शिट्टी मारायचा, पण पडद्यावर कुणी गरीब मेला की गप बसायचा. एकदा घरी येताना म्हणाला, 'ह्यांच्या पिच्चरमधी मरायला नेहमी आपलाच माणूस का लागतो रं?'

बाप अंगठेबहाद्दर. पण त्याचा हा प्रश्न घेऊनच मी पुढचे सगळे सिनेमे पाहिले. आज त्याचाच हिशेब तुमच्यापुढं मांडतो.

सुरुवात आपल्या पुण्यापासून. प्रभात कंपनी 1933 साली कोल्हापूरहून इथं आली. तिच्या स्टुडिओच्या जागेवर पुढं 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. त्या स्टुडिओत शांतारामांनी 1935 साली 'धर्मात्मा' काढला. बालगंधर्व एकनाथ झाले. सिनेमाचं आधीचं नाव 'महात्मा', ते सेन्सॉरला खपलं नाही. एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवतात आणि ब्राह्मण खवळतात. त्या काळात हे दाखवायला छाती लागत होती, हे मी कबूल करतो. पण थोरवी पडते ती जेवणाऱ्याच्या पदरात. वाढणाऱ्याच्या नाही.

दुसऱ्याच वर्षी, 1936 साली, बॉम्बे टॉकीजचा 'अछूत कन्या' आला. देविकाराणी आणि अशोककुमार. रेल्वेच्या फाटकवाल्याची पोर कस्तुरी आणि ब्राह्मणाचा पोरगा प्रताप. लग्न तर होत नाहीच, वर शेवटी दुसऱ्यांचे जीव वाचवताना कस्तुरीच रेल्वेखाली जाते. लोक डोळे पुसत घरी. त्याच 1936 साली बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' छापलं. लाहोरच्या मंडळानं त्यांचं भाषण रद्द केलं, म्हणून ते पुस्तक करून आपणच काढलं. त्यात सांगितलं की नुसत्या सहभोजनानं जात जाणार नाही, बेटीव्यवहार झाला पाहिजे आणि शास्त्रांचं प्रामाण्य मोडलं पाहिजे. एकाच सालात दोन उत्तरं. पुस्तक म्हणतं शास्त्र मोडा, सिनेमा म्हणतो पोरगी मारा. तिकिटं कशाची खपली हे सांगायला नको.

'सुजाता' 1959 सालचा. बिमल रॉय यांचा. नूतन अशी काही बघते की मी दोनदा रडलोय, खोटं कशाला बोलू? पण तिला वाढवणारी आई सगळ्यांना सांगते, 'ही मुलीसारखी'. 'सारखी' हा शब्द कधी गळतो? आई जिन्यावरून पडते, सुजाता रक्त देते, तेव्हा. म्हंजे बाटलीभर रक्त दिल्याशिवाय आपण माणसात येत नाही काय?

सत्यजित राय यांनी 1981 साली दूरदर्शनसाठी 'सद्गती' केला, प्रेमचंदांच्या कथेवर. ओम पुरी दुखी झाला. पंडिताच्या दारात उपाशीपोटी लाकूड फोडता फोडता तो मरतो, आणि पंडित त्याचं प्रेत दोरीनं ओढत नेतो. आमच्या गल्लीत एकाच घरी टीव्ही होता. संपल्यावर कुणी उठेना. मग माझी आई बोलली, 'कुऱ्हाड तर त्याच्याच हातात होती की.' एवढं म्हणाली आणि भाकऱ्या थापायला गेली. या सिनेमावर मी बरंच वाचलंय. आईच्या त्या वाक्याएवढं वजनदार काही सापडलं नाही.

कुऱ्हाड उचलली गेली नाही, पण दगड मात्र त्याच्या आधीच उचलला गेला होता. 1974 सालचा 'अंकुर', श्याम बेनेगलांचा. जमीनदाराचा शिकलेला पोरगा घरकाम करणाऱ्या लक्ष्मीला वापरतो, आणि तिचा मुका नवरा काम मागायला येतो तर त्याला चाबकानं फोडून काढतो. शेवटी एक बारकं पोरगं वाड्याच्या खिडकीवर दगड मारतं आणि पडदा लाल होतो. आम्ही पोरं उड्या मारत बाहेर पडलो. दगड जमीनदारावर गेला होता, आमचा काय संबंध?

चाळीस वर्षं मी त्याच मस्तीत होतो. मग 14 फेब्रुवारी 2014 ला 'फँड्री' लागला.

नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा. फँड्री म्हंजे कैकाडी बोलीत डुक्कर. जब्या शाळेत जातो, शालूवर जीव टाकतो, आणि त्याच शाळेजवळ बापाबरोबर त्याला डुकरं धरायला लागतात. राष्ट्रगीत सुरू होतं तसं डुक्कर समोर असताना सगळं घर ताठ उभं राहतं. थेटरात लोक हसले. मीही हसलो. मग मेलेलं डुक्कर काठीला बांधून भावंडं निघतात, मागं भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीबाई, गाडगेबाबा. हसू तिथंच आटलं. शेवटी जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो तो थेट आपल्या तोंडावर.

मी आता पिटात नव्हतो. मल्टिप्लेक्सच्या गुबगुबीत खुर्चीत होतो. पहिला विचार आला की दगड माझ्या मागं बसलेल्यांसाठी आहे. मग आठवलं. आमच्या गल्लीच्या टोकाला डुकरं पाळणारं एक घर होतं. त्यांच्या पोराला आम्ही कशी हाक मारायचो? नावानं नाही, जातीनं. भीमजयंतीला निळा झेंडा घेऊन पुढं नाचणारे आम्हीच, आणि त्या पोराच्या हातचं पाणी न पिणारेही आम्हीच. दगड अगदी बरोबर बसला होता.

सिनेमा लागून अडीच महिने झाले नाहीत तोच, 28 एप्रिलला, नगर जिल्ह्यात खर्ड्याला आपल्या सतरा वर्षांच्या पोराला मारून लटकवलं. कारण काय, तर वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो म्हणून. नाव तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. 2017 साली खटल्याचा निकाल लागला. साक्षीदार फिरले, सगळे आरोपी सुटले. जब्या पडद्यावर दगड मारून सुटला. खर्ड्याच्या पोराला तेवढीही सवड मिळाली नाही.

आता 'सैराट'. 2016. तुम्ही सगळे गाण्यावर नाचलात. मीही पायानं ताल धरला. पाटलाचा पोरगा वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली वाजवतो, तो आवाज मात्र मला शेवटापर्यंत ऐकू येत राहिला. कारण शेवट त्याच हातानं होतो. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची चहा टाकते. मग आवाजच बंद, आणि त्या लेकराची रक्ताची पावलं.

माझ्या शेजारी माझी लेक बसली होती. घरी येताना ती म्हणाली, 'बाबा, माझ्याही ऑफिसात एक मुलगा आहे. आपला नाही.' मित्रांनो, बेटीव्यवहारावर मी तीस वर्षं भाषणं ठोकली, टाळ्या घेतल्या. त्या रात्री तोंडातून शब्द निघाला तो एकच. 'नाही.' ती म्हणाली, 'मग भाषणात काय सांगत होता?' माझ्याकडं उत्तर नव्हतं. भीती होती. ती भीती खरी होती, पण तिच्या आड लपून मी तेच काम करत होतो जे पाटील करतो. पोरीला घरात कोंडायचं काम.

दीड वर्षानं तिनं नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. सहीला मी गेलो. जावई चांगला आहे. पण अजून तिचा फोन आला की मी पहिलं विचारतो, 'दार लावलंय ना? चहाला कोण आलंय?' ती हसते. मला हसू येत नाही.

बापाला आज काय सांगू? आता कॅमेरा आपल्या हातात आलाय. 'कोर्ट'मधला शाहीर नारायण कांबळे उभा केला तो चळवळीतल्याच वीरा साथीदारांनी. 2021 साली ते गेले. 2022 सालच्या 'झुंड'मध्ये वस्तीतली पोरं फुटबॉल खेळतात, भीमजयंतीला नाचतात, आणि त्यातला एक विमानात बसतो. बाप असता तर शिट्टी मारली असती.

तुमच्यातल्या ज्यांच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाईल आहे, त्यांना माझं एवढंच मागणं. आपल्याला नुसतं मरताना दाखवू नका. जगताना, भांडताना, चुकताना दाखवा. भाकरी थापता थापता माझी आई काय बोलली तेही दाखवा. आणि गल्लीच्या टोकाचं ते घर वगळू नका. तिथला पोरगा उद्या सिनेमा काढेल तेव्हा त्याचा दगड कुणाच्या दिशेनं येईल, याचा आजच विचार करा.

जय भीम.