सात कोऱ्या ओळी



स्वित्झर्लंडमध्ये बिलाच्या तळाशी पैसे भरायची चिठ्ठी जोडलेली असते. पूर्वी ती लाल किंवा नारिंगी असे. ३० जून २०२० पासून तिची जागा क्यूआर-बिलानं घ्यायला सुरुवात केली आणि सप्टेंबर २०२२ अखेर जुन्या चिठ्ठ्या बंद झाल्या. आता चौकोनी कोड आणि त्याच्या मधोमध स्विस क्रॉस.

आपल्या भाजीवाल्याकडच्या कोडमध्ये बहुधा पैसे कुणाला जायचे एवढंच असतं. रक्कम आपण टाकतो. स्विस कोडमध्ये खातं, नाव, पत्ता, रक्कम, बिलाचा संदर्भ असं सगळं ओळीनं भरलेलं असतं. गावातल्या सुतारालाही असं बिल साध्या प्रिंटरवर काढता यावं, म्हणून प्रोग्रामर मंडळींनी लायब्ररी लिहिल्या. लायब्ररी म्हणजे एकानं नीट लिहून ठेवलेला आणि इतरांनी आपापल्या सॉफ्टवेअरला जोडायचा तयार भाग. अशा कित्येक लायब्ररी मोफत मिळतात. मला या कामाचं फार मोल वाटतं, आणि त्याचं कारण आहे सात कोऱ्या ओळी.

पैसे घेणाऱ्याच्या पत्त्यानंतर सात ओळी पुढच्या काळासाठी राखून ठेवल्या आहेत. त्यात आज काहीही लिहायचं नाही, पण त्या गाळायच्याही नाहीत. वाचणारं यंत्र ओळी मोजत जातं. एकोणिसावी ओळ म्हणजे रक्कम. एखाद्यानं ‘रिकाम्याच तर आहेत’ म्हणून त्या सात ओळी काढून टाकल्या, तर रकमेच्या जागी पैसे भरणाऱ्याच्या गावाचं नाव येईल! चांगली लायब्ररी ही चूक होऊच देत नाही. सत्तावीस आकडी संदर्भातला शेवटचा आकडा आधीच्या सव्वीस आकड्यांवरून पडताळते. मजकूर कमी असो वा जास्त, कोडची बाजू बरोबर ४६ मिलिमीटरच ठेवते.

आणि देणगीची चिठ्ठी असेल, रक्कम ठरलेली नसेल, तर? तेव्हा कोडमधली ती ओळ कोरी राहते आणि कागदावर लायब्ररी ४० बाय १५ मिलिमीटरच्या चौकटीचे फक्त चार कोपरे काढते. मधली जागा मोकळी. देणाऱ्यानं पेन घ्यायचं आणि मनात असेल तो आकडा तिथं लिहायचा.