घरगुती बायोगॅस : बांधणीइतकीच निगाही महत्त्वाची



शेण, खरकटे व भाजीपाल्याचा कचरा यांची गणना अनेक घरांत टाकाऊ वस्तूंत होते. वास्तविक या पदार्थांत इंधन आणि खत ही दोन्ही दडलेली आहेत. शेणाच्या गोवऱ्या जाळल्या तर चूल पेटते, पण शेत खतास मुकते. तेच शेण बायोगॅस संयंत्रात घातल्यास चूलही पेटते आणि खतही हाती राहते.

हवाबंद टाकीत सेंद्रिय पदार्थ कुजू लागले म्हणजे काही जिवाणू त्यांचे आम्लांत रूपांतर करतात, आणि दुसऱ्या प्रकारचे जिवाणू त्यापासून मिथेन हा ज्वलनशील वायू तयार करतात. बायोगॅसमध्ये मिथेनचे प्रमाण साधारणतः ५५ ते ६५ टक्के असते. एक घनमीटर वायूसाठी सुमारे २५ किलो ताजे शेण लागते. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण व तितकेच पाणी हवे. त्यासाठी गोठ्यात चार-पाच जनावरे असावी लागतात.

जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र तयार केले व खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. १९८४ मध्ये स्थिर घुमटाचे, कमी खर्चाचे ‘दीनबंधू’ संयंत्र पुढे आले. ज्या घरी गुरे नाहीत, त्यांच्यासाठी पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातील कचऱ्यावर चालणारे छोटे संयंत्र विकसित केले. त्यास २००६ मध्ये अ‍ॅश्डेन पुरस्कार लाभला.

शेणातील बराचसा पोषक अंश जनावराने आधीच पचविलेला असतो. शिळा भात, पेज किंवा नासकी फळे यांत तो शिल्लक असल्याने किलोमागे वायू अधिक मिळतो. मात्र असा कचरा एकदम जास्त घातला, तर आम्ल वाढून टाकी आंबते व वायू पेट घेत नाही. संयंत्र बंद पडण्याचे हे एक नेहमीचे कारण होय. म्हणून प्रारंभी टाकीत शेणकाला भरावा, वायू नीट पेटू लागल्यावरच कचरा थोडा थोडा वाढवावा आणि रोजचे माप ठरवून घ्यावे. आंबट वास येऊ लागल्यास काही दिवस भरणी थांबवावी. हाडे, अंड्यांची टरफले, नारळाची सोडणे, साबणाचे पाणी व फिनेल टाकीत जाऊ देऊ नये.

कोकण-गोव्यासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात प्रवेशकुंडीवर झाकण अवश्य ठेवावे. पावसाचे पाणी शिरल्यास काला पातळ होऊन वायू घटतो. नळीत साचलेले पाणी वरचेवर काढून टाकावे. गळतीची शंका आल्यास सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. काडी ओढून पाहणे जिवावर बेतू शकते. दुरुस्तीसाठी टाकीत उतरण्याचे धाडस कोणीही करू नये. आतील वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो, आणि त्यास वाचविण्यास उतरणाराही सापडतो. हे काम प्रशिक्षित व्यक्तीकडेच सोपवावे.

बाहेर पडणारी मळी माडास, केळीस व भाजीपाल्यास उत्तम खत ठरते. शेणखताच्या उघड्या ढिगातून नत्राचा बराच अंश वाया जातो. मळीत तो पुष्कळसा टिकून राहतो.

संयंत्र बांधण्यास अनुदान मिळू शकते, रोजच्या निगेस मात्र ते मिळत नाही. ती निगा बहुधा गृहिणीच्या वाट्याला येते. तेव्हा संयंत्राची माहिती प्रथम तिला द्यावी व भरणीच्या कामात घरातील सर्वांनी हात लावावा. शिक्षकांनी आणि ग्रामसेवकांनी नव्या संयंत्राच्या उद्घाटनाबरोबर बंद पडलेल्या संयंत्राचीही चौकशी केली, तर गावातील अनेक चुली पुन्हा धुराविना पेटतील.