नावाचे नाते आणि कुळाचे नाते

(हीरक महोत्सवी विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनप्रसंगी मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षे महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा जपणाऱ्या आपणां सर्वांना हे ठाऊक आहे, की परमुलखात गेलेला माणूस आपली ओळखीची नावे सोबत नेतो. ऑस्ट्रेलियातील 'फेअरीरेन' हे असेच एक नाव आहे.

हा पक्षी जेमतेम १४ सेंटिमीटर लांबीचा. शेपटी ताठ उभी आणि विणीच्या हंगामात नराच्या डोक्यावर तेजस्वी निळाई. १७७७ साली कॅप्टन कुक यांच्या तिसऱ्या सफरीतील शल्यचिकित्सक विल्यम अँडरसन यांना तो टास्मानियालगतच्या ब्रूनी बेटावर आढळला. शेपटीवरून त्यांना तो युरोपातील धोबी पक्ष्याचा भाऊबंद वाटला. पुढे तेथे वस्ती केलेल्या इंग्रजांना तो मायदेशातील 'रेन' पक्ष्यासारखा भासला आणि तेच नाव रूढ झाले. १८१६ मध्ये व्हिएयो यांनी 'मॅल्युरस' ही स्वतंत्र प्रजाती कल्पिली. तरीही कुळाचा प्रश्न सुटला नाही. कोणी त्याला माशीमारांत बसवले, तर कोणी वटवट्यांत. स्वतंत्र कुळाची मान्यता मिळायला १९७५ साल उजाडले.

त्यानंतर सिब्ली व आल्क्विस्ट या अमेरिकी शास्त्रज्ञांनी पक्ष्यांच्या डीएनएची तुलना केली. फेअरीरेनचे जवळचे नातलग युरोपात नव्हतेच. ते तेथेच, ऑस्ट्रेलियातील मध चाखणाऱ्या 'हनीइटर' पक्ष्यांत होते. उभी शेपटी आणि कीटक टिपणारी बारीक चोच ही समान राहणीतून आलेली साम्ये होती. कुळाच्या आतही असेच घडले. न्यू गिनीतील काळ्या-पांढऱ्या फेअरीरेनचे निकटचे आप्त समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांतील एकाचा नर निळा-पांढरा, तर दुसऱ्याचा काळा-तांबडा. रंग निराळे, पण वंश एकच.

याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. गाणाऱ्या पक्ष्यांच्या वंशवृक्षाची जुनी मुळे ऑस्ट्रेलियाच्याच परिसरात आहेत, असे आज अभ्यासक मानतात. म्हणजे ज्यांना युरोपीय पक्ष्यांच्या दूरच्या फांद्या समजले गेले, ते त्या वृक्षाच्या बुंध्याशी अधिक जवळ होते. आपल्या अंगणातील कावळा, बुलबुल आणि दयाळ यांचेही आद्य पूर्वज त्याच दिशेने आले. आपले घर हेच जगाचे मूळ, असे समजून पाहणाऱ्या जाणत्या माणसांचीही दृष्टी कशी फसते, याचा हा बोलका दाखला आहे.

पालकहो, वर्गीकरणाचा धडा आपण बहुधा नावांची यादी म्हणून पाठ करून घेतो. वस्तुतः तो पुराव्याचा धडा आहे. मुलांनाही आपण पहिल्या दर्शनात 'हुशार' वा 'मठ्ठ' अशा कप्प्यांत बसवतो आणि कप्पा बदलायला तयार नसतो. विज्ञानाने एका चिमुकल्या पक्ष्याचा कप्पा दोनशे वर्षांत अनेकदा बदलला आणि त्यात कमीपणा मानला नाही.

आज प्रदर्शनातील तक्त्यांपुढे उभ्या असलेल्या मुलांना 'याचे नाव काय?' एवढेच विचारू नका. 'हे तुला कशावरून कळले?' हेही आवर्जून विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा.

प्रदर्शनाचे उद्घाटन झाले असे मी जाहीर करते.