शंभर डॉलरचा माणूस

मागच्या बैठकीत एकानं विचारलं, मिशनऱ्यांच्या कॉलेजात तरी माणसाला माणूस म्हणतात ना? प्रश्न भाबडा नाही. आपल्यातल्या कितीकांच्या डोक्यात तो आहे. म्हणून आज अमेरिकेतल्या सेंट लुईस युनिव्हर्सिटीबद्दल बोलतो.

मिसूरी राज्यातलं हे जेझुइट पाद्र्यांचं कॅथलिक विद्यापीठ, स्थापना १८१८. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला डॉक्टरकीची पहिली पदवी यांनीच दिली, १८३९ साली. इथल्याच एडवर्ड डॉयझीला 'के' जीवनसत्त्वाच्या संशोधनासाठी १९४३चं नोबेल मिळालं. 'के' म्हणजे जखमेतलं रक्त गोठायला लागतं ते. रक्ताची एवढी जाण असलेले लोक! आणि त्याच १९४३ साली काळ्या पोराला या विद्यापीठात प्रवेश नव्हता.

मग हे विद्यापीठ उभं कुणाच्या जिवावर राहिलं?

१८२३ साली जेझुइट मेरीलँडहून मिसूरीत आले, ते गुलामांची तीन जोडपी सोबत घेऊनच. पुढं गुलाम वाढत गेले. पाद्री शिकवायचे, हे राबायचे. त्यांतला एक थॉमस ब्राउन. १८३३ साली त्यानं जेझुइटांच्या वरिष्ठाला पत्र लिहिलं. अडतीस वर्षं तुमची चाकरी केली, म्हणतो, आणि म्हातारपणी डोकं टेकायला जागा नाही. राहायला लाकडी ओंडक्यांचं कुजकं खोपटं, वारा सुटला की जीव मुठीत. तक्रार कुणाची? खुद्द विद्यापीठाच्या अध्यक्षाची, फादर व्हर्हेगनची. आणि मागणी काय, तर मला नि माझ्या बायकोला आम्हालाच विका. पन्नास डॉलर माझे, पन्नास तिचे.

मित्रांनो, अडतीस वर्षांची मजुरी ज्यांनी बुडवली त्यांनाच हा माणूस वर शंभर डॉलर देऊ करतो! गुलामी म्हणजे काय ते कळायला मला दुसरं पुस्तक लागलं नाही.

मिसूरीत गुलामी संपली १८६५ साली. दार बंदच राहिलं. शहरातल्या काळ्या डॉक्टरांनी हात बसवला तो होमर जी. फिलिप्स हॉस्पिटलात. १९३७ साली काळ्यांसाठी उघडलेला हा नगरपालिकेचा दवाखाना. वेगळा पाणवठा तसा वेगळा दवाखाना. पण त्यानं डॉक्टर घडवले. १९७९ साली तोही शहरानं बंद केला.

आता फादर क्लॉड हाइटहाउस. ११ फेब्रुवारी १९४४ला हा गोरा पाद्री कॉलेजच्या चर्चमध्ये प्रवचनाला उभा राहिला आणि आपल्याच विद्यापीठाचे वाभाडे काढले. काळ्यांवर केलेल्या अन्यायाचा पश्चात्ताप करा म्हणाला. समोरची पोरं उठून उभी राहिली. त्या उन्हाळ्यात पाच काळे विद्यार्थी आत आले. पाच! पूर्वीच्या गुलामी राज्यांत गोऱ्यांच्या विद्यापीठानं उघडलेलं पहिलं दार, असं विद्यापीठ आज सांगतं. हाइटहाउसचं काय झालं ते जरा हळू आवाजात सांगतं. काळ्या पोरांना वर्गात बसू दिलं, नाचाच्या कार्यक्रमाला येऊ दिलं नाही. हाइटहाउस त्यावरही बोलला. १९४५ साली त्याला शहराबाहेर धाडलं.

वर्गात चालतो, नाचात चालत नाही. हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. दिल्लीच्या एम्समधल्या होस्टेलात आपली पोरं कशी वेगळी पडतात, ते थोरात समितीनं २००७ साली लिहून ठेवलंय. तिथं तर पाद्रीही नव्हते.

मी हाइटहाउसला सलाम करतो. पण विद्यापीठाचे आभार? ते कशाबद्दल?

ऑक्टोबर २०१४. फर्ग्युसनमध्ये मायकल ब्राउनला पोलिसानं मारून दोन महिने झाले होते. सेंट लुईसमध्ये वॉन्डेरिट मायर्स हा अठरा वर्षांचा पोरगा ड्युटीवर नसलेल्या एका पोलिसाच्या गोळीनं मेला. त्याचा बाप याच विद्यापीठात नोकरीला. रात्री मोर्चा थेट कॅम्पसमध्ये घुसला आणि घड्याळाच्या मनोऱ्याखाली सहा दिवस बसला. विद्यापीठानं तेरा कलमांचा करार केला तेव्हा उठला. कुणाच्या प्रवचनाची वाट पाहिली नाही.

त्या गुलामांचे वंशज आता संघटित झालेत. पणजा-खापरपणजांच्या बुडवलेल्या मजुरीचा आकडा त्यांनी अर्थतज्ज्ञांकडून काढून घेतलाय आणि तो विद्यापीठापुढं ठेवलाय. थॉमस ब्राउन पैसे द्यायला निघाला होता. हे मागायला निघालेत.